एका टिचकीला डझनभर अंडी

गुंडीच्या आईनं पाळणाघराच्या पैशांना हात लावला तो केवळ थोड्या दिवसांपुरता, आणि तोही नीट विचार करून. नीट विचार करून केलेल्या गोष्टींतच तिचा घात होतो, असं तिच्या नवऱ्याचं मत आहे. पण ते मत त्यानं हे सगळं प्रकरण होऊन गेल्यावर मांडलं, त्यामुळे ते धरण्यात अर्थ नाही.

गुंडी दीड वर्षाची झाली होती. तिच्या आईची बिनपगारी रजा महिनाअखेर संपत होती आणि ऑफिसातून साहेबांनी, "येताय ना मॅडम, की जागा भरू?" असं दोनदा विचारून झालं होतं. सासूबाई घरात होत्या, पण नातीला दिवसभर सांभाळणं आपल्याला झेपणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पाळणाघरवाल्या ताईंकडे एकच जागा शिल्लक होती. ह्या ताईंपर्यंत पोचायला गुंडीच्या आईला बरंच हिंडावं लागलं होतं. आधीच्या प्रत्येक पाळणाघरात तिनं खिडक्यांच्या कड्या हलवून पाहिल्या, दुधाच्या पातेल्याचा वास घेतला, आणि प्रत्येक ठिकाणी "कळवते" म्हणून बाहेर पडली. ह्या ताईंनी मात्र उलट तिलाच दारात अडवलं आणि हात धुऊन यायला सांगितलं. तिथल्या तिथे गुंडीच्या आईचा जीव भांड्यात पडला. अनामत महिनाअखेरपर्यंत भरायची होती. पैसे बाजूला काढलेले होते. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग गुंडीच्या बाबाचं टायवाल्यांशी वाजलं.

टायवाले म्हणजे त्याचे मालक. घरं विकून देणं आणि भाड्यानं लावून देणं हा त्यांचा धंदा, आणि कुठल्याही हवेत गळ्याशी टाय ही त्यांची खूण. गुंडीच्या बाबानं एका गिऱ्हाइकाला न विचारता सांगून टाकलं की ह्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. गिऱ्हाईक गेलं, त्याच्या मागोमाग गुंडीच्या बाबाची नोकरी गेली, आणि तो घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "आता स्वतःचंच काढतो. खरं सांगून धंदा करून दाखवतो."

टेबलाचा अर्धा भाग ऑफिस झाला. उरलेल्या अर्ध्यावर गुंडी वरणभात खायची, त्यामुळे ऑफिसच्या कागदांना सुरुवातीपासूनच हळदीचा रंग होता. जागाही हातात आल्या, मोजक्याच, पण चांगल्या. गिऱ्हाईक मात्र येईना. कारण फोनवर कोणीही घर शोधायला लागलं, की सगळ्यांत वर टायवाल्यांची जाहिरात. त्यांचा हसरा फोटो, टायसकट.

"ते वरचे येतात पैसे देऊन," गुंडीचा बाबा म्हणाला. "कोणी त्यावर टिचकी मारली की पैसे कापले जातात. नुसतं बघितलं तर फुकट."

"मग आपणही देऊ," गुंडीची आई म्हणाली. ती पदवीधर होती, घरात सूचनापत्रकं शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच, आणि गुंडीला झोपवण्यापलीकडे आपल्याला काही येतं की नाही अशी शंका तिला हल्ली अधूनमधून यायची. "पहिलं गिऱ्हाईक आलं की अनामत परत जागेवर ठेवू."

त्यातली मेख अशी की एका टिचकीला किती पैसे, हे ठरलेलं नसतं. तो लिलाव असतो. ज्या शब्दावर जास्त लोक डोळा ठेवून, तो शब्द महाग. बूट महाग नाही, छत्री महाग नाही. घर महाग. गुंडीच्या आईनं हिशेब मांडला, आणि पैशांत मांडून आपल्याला धक्का बसतो म्हणून तो अंड्यांत मांडला: एका टिचकीला डझनभर अंडी. कोणी अनोळखी माणूस बोट टेकवणार, "हं, नको," म्हणून निघून जाणार, आणि ह्यांच्या घरातली डझनभर अंडी फुटणार. तरी तिनं धीर केला. शब्द कोणता निवडायचा असं पडद्यावर विचारलं, तेव्हा तिनं साधा, सगळ्यांना कळेल असा शब्द लिहिला: घर. मजकूर नवऱ्यानं सांगितला: "घर हवंय? आम्ही खरं सांगतो." फोन नंबर तिनं स्वतःचा टाकला, कारण तो दिवसभर दुचाकीवर आणि ती दिवसभर घरात.

जाहिरात मात्र लगेच सुरू होईना. धंदा खरा आहे याचा पुरावा हवा होता. नावाची पाटी लावलेल्या कार्यालयाचा बाहेरून काढलेला फोटो पाठवा, असा निरोप आला. जेवणाच्या टेबलाला बाहेरची बाजू नव्हती. तेव्हा गुंडीच्या बाबानं पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी पाटी केली आणि ती बाल्कनीच्या कठड्याला बांधली. फोटो परत आला: पाटीसमोर ओले कपडे दिसतात. कपडे काढले. फोटो पुन्हा परत आला: पाटीवरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळत नाही. खडू संपल्यामुळे शेवटचं अक्षर बसलं नव्हतं. नवे खडू आणेपर्यंत इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे.

"वहिनी, बाल्कनीला पाटी लावायला समितीची परवानगी लागते."

"फक्त फोटोपुरती आहे हो."

"मग फोटोपुरती परवानगी लागते."

परवानगीसाठी समितीची बैठक भरली, म्हणजे जिन्यात सगळे जमले. परवानगीचं काम पटकन उरकलं, सल्ल्यांना वेळ लागला. वरच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "जाहिरात छापील पाहिजे. हातात धरता आली पाहिजे." समोरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या भाच्यानं असंच काहीतरी केलं होतं. आता तो परदेशात असतो." जाहिरातीमुळे की जाहिरात असूनही, हे त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरींनी फोटोत इमारतीची नवी रंगवलेली बाजू येईल असं बघायला सांगितलं. आणि सगळे जाताना एकच म्हणाले, "सुरू झाली की सांगा हं. आम्ही बघूच."

गुंडीच्या आईनं त्या "बघूच"कडे लक्ष दिलं नाही. एरवी ती सगळ्याकडे लक्ष देते.

जाहिरात सुरू झाली त्या सकाळी फोन वाजला, तेव्हा गुंडी कडेवर होती आणि दुसऱ्या हातात उकळत्या पाण्यातून काढलेला चमचा होता. तिनं चमचा दातांत धरला आणि फोन घेतला.

"हॅलो, ते घराचं आहे ना? माझ्या घरात फार मुंग्या झाल्यात."

"अं?"

"मुंग्या हो. मी फोनवर शोधत होते, घरातल्या मुंग्या कशा घालवायच्या. तर वरती तुमचं आलं, आम्ही खरं सांगतो. मग सांगा खरं, त्या पांढऱ्या पावडरीनं जातात का?"

आता दुसरं कोणी असतं तर राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला असता. पण गुंडी रांगायला लागल्यापासून तिच्या आईनं मुंग्यांवर जे वाचलं होतं तेवढं खुद्द मुंग्यांनाही आपल्याबद्दल ठाऊक नसेल. "पावडर नका टाकू," ती चमचा काढून म्हणाली. "घरात लहान मूल आहे का? नाही? तरी नको. त्या येतात कुठून ते आधी बघा. ओट्यामागची फट बघितलीत का?" बाईंनी फट बघितली. मग बेसिनखाली बघितलं. गुंडीच्या आईनं फट बुजवायला काय लागतं, ओलं फडकं कुठे फिरवायचं, डबे पाण्यात कसे ठेवायचे, हे सगळं सांगितलं. बाईंनी मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला. घराची चौकशी काही केली नाही.

त्यानंतर दिवसभर जगातली सगळी घरं तिच्याकडे आली. कोणाला बाहुलीचं घर हवं होतं, कोणाला घरच्या घरी केस कापायचे होते, कोणाचा नवरा घरातून रागावून गेला होता. एका आजोबांनी तर "घरी एकटं वाटतं" एवढंच लिहून टिचकी मारली होती आणि ते बराच वेळ फोनवर बोलत राहिले. संध्याकाळी गुंडीच्या बाबानं आल्या आल्या विचारलं, "किती आले?"

"पुष्कळ. दोघांची पोटदुखी बरी केली."

शब्द मोकळा ठेवल्याची ही फळं होती. तिनं सूचनापत्रक पुन्हा वाचलं आणि कंपनीच्या मॅडमना फोन लावला. खातं सांभाळणाऱ्या ह्या मॅडमचा आवाज फार गोड होता आणि त्यांचा प्रत्येक उपाय एकच होता: रोजची रक्कम वाढवा. गुंडीच्या आईनं ती वाढवली नाही. तिनं नुसतं "घर" काढून "भाड्यानं दोन खोल्या" आणि "तिसऱ्या मजल्यावर जागा" असे नेमके शब्द घातले. मुंग्या थांबल्या, बाहुल्या थांबल्या, फोनही थांबला.

पैसे मात्र थांबले नाहीत. रोज सकाळी दूध तापेपर्यंत दिवसभराची रक्कम संपलेली. टिचक्या भरपूर, फोन एकही नाही. गुंडीच्या आईच्या डोळ्यांपुढे टायवाले यायला लागले, टाय सैल करून निवांत तिच्या जाहिरातीवर टिचक्या मारत बसलेले. तिनं मॅडमना पुन्हा गाठलं. "एकाच फोनवरून कोणी सारखं दाबत असेल तर ते आम्ही धरतच नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "हे सगळे वेगवेगळे फोन आहेत. तुम्ही फार लोकप्रिय आहात. रक्कम वाढवता का?"

उलगडा झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, बाल्कनीत. खाली फाटकाशी सासूबाई आणि त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींचं मंडळ उभं होतं. सगळ्यांच्या हातात फोन. सासूबाई मधोमध उभ्या राहून कवायत घेतल्यासारखं सांगत होत्या, "लिहिलंत? तिसऱ्या मजल्यावर जागा. आली का माझ्या मुलाची? हां, मारा आता टिचकी. अहो, तुमचा चष्मा कुठाय? ते टायवालं नाही, खालचं. मारलीत? छान. उद्या शेजारच्या फोनवरूनही मारा."

गुंडीची आई वरून मोजू लागली. डझन, डझन, डझन. खाली अख्खं पोल्ट्री फार्म फुटत होतं.

"आई, हे काय करताय तुम्ही?" सासूबाई वर आल्या आल्या तिनं विचारलं.

"तुमच्या धंद्याला हातभार लावतेय. सगळ्या इमारतीला सांगून ठेवलंय मी. बँकवाले काका तर दोन्ही फोनवरून मारतात. समोरच्या काकूंनी परदेशातल्या भाच्याला पण लावलंय कामाला. जितक्या जास्त टिचक्या तितकी जाहिरात वर चढते ना?"

"आई, प्रत्येक टिचकीचे आपण पैसे देतो."

"आपण?"

"आपण."

सासूबाई खाली बसल्या. "म्हणजे मी रोज सकाळी..."

"नाही, तुमचे नाही धरत ते. तुम्ही एकाच फोनवरून सारखं दाबता ना, ते वगळतात."

ह्यात दिलासा होता असं गुंडीच्या आईला वाटलं. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला. "माझंच धरलं नाही? काकांचं धरलं, परदेशातल्या भाच्याचं धरलं, आणि सख्ख्या आईचं वगळलं?" त्या उठून आत गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ह्यापुढे तुमच्या फोनला मी बोटसुद्धा लावायची नाही." थोड्या वेळानं दार किलकिलं करून म्हणाल्या, "मग त्या टायवाल्याच्याच जाहिरातीवर मारायला सांगू का सगळ्यांना? त्याचेही कापले जात असतील की."

"आई! असं करतात का कुठे?"

"विचारलं आपलं," असं म्हणून दार मिटलं.

मायेनं केलेल्या गोष्टी थांबवायला किती कष्ट पडतात, हे त्या दिवशी गुंडीच्या आईला कळलं. ती जिनाभर दारोदार फिरून "कृपा करून आमच्याकडे दुर्लक्ष करा" अशी विनवणी करत होती. समोरच्या काकूंनी, "आता आमची गरज संपली वाटतं," असा टोमणा मारला. बँकवाले काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं, छापील पाहिजे." सेक्रेटरी म्हणाले की पाटीची मुदत फोटोपुरतीच होती, ती अजून लटकतेय. तिनं पाटी काढून आणली आणि टेबलावरचं खातं उघडलं. पाळणाघराच्या पैशांतलं उरलंसुरलंही गेलं होतं. पैसे नाहीत म्हणून जाहिरात आपोआप बंद झाली होती.

पाळणाघरवाल्या ताईंचा फोन आला. "सोमवारपर्यंत थांबते. दुसऱ्या एक आई रोज येऊन खिडकीच्या कड्या हलवून बघतात. त्यांना जागा हवीय."

गुंडीच्या आईनं साहेबांना लिहायचा निरोप मनात जुळवायला घेतला. "काही घरगुती अडचणींमुळे" एवढं जुळलं. पुढचं जुळेना. गुंडीचा बाबा समोर बसून पुठ्ठ्याची पाटी उगाचच सरळ करत होता. "मी जातो टायवाल्यांकडे," तो म्हणाला. "सांगतो, ओल नव्हती."

"होती ना पण?"

"होती."

"मग काय सांगणार?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हॅलो, मी मुंग्यांवाली. ओळखलंत का? तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. ओट्यामागची फट बुजवली. तर त्या कपाटातून यायला लागल्या. मी आता हरले. घर त्यांना देते आणि मी निघते. भाड्यानं दोन खोल्या आहेत का तुमच्याकडे? आणि खरं सांगायचं हं. मुंग्या आहेत का तिथे?"

"तिसऱ्या मजल्यावर आहेत दोन खोल्या. मी गेले होते तेव्हा एकही मुंगी पाहिली नाही," गुंडीची आई म्हणाली. हे खरं होतं. ती भिंतींचे कोपरे, बेसिनची नळी आणि खिडक्यांच्या कड्या पाहून आली होती.

रविवारी सकाळी सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या जागेत जमले. मुंग्यांवाल्या बाई उंच, सडपातळ, आणि कामाला लागल्यासारख्या आल्या होत्या. त्यांनी हवा पाहिली नाही, उजेड पाहिला नाही, पाण्याचा दाबही विचारला नाही. पर्समधून कागदाची पुडी काढली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चिमूटभर साखर ठेवली.

"आता बसू या," त्या म्हणाल्या. "आली एखादी तर मी निघाले."

खुर्च्या नव्हत्या. सगळे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. गुंडीचा बाबा घरमालकांबद्दल काहीतरी बरं बोलायला लागला, पण कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे साखरेवर. गुंडीनं आईच्या मांडीवर बसून आधी बांगडी चावली, मग पदराशी झटापट केली. खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडा साखरेजवळ सरकला. बाईंनी चष्मा पुसायला काढला.

आणि त्याच क्षणी गुंडीच्या आईला ती दिसली. भिंतीच्या कडेनं, एकटीच, कुठलीही घाई नसलेली, लाल मुंगी. मध्येच थांबली, जणू पत्ता विचारतेय, आणि सरळ साखरेकडे निघाली.

गुंडीच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही दिसली होती. "आम्ही खरं सांगतो" हे तीन शब्द त्यानंच सांगितले होते, तिनंच लिहिले होते. बाई चष्मा पुसतच होत्या. मुंगी साखरेपाशी पोचली. गप्प बसलं तर सोमवारी अनामत भरता येणार होती. बोललं तर साहेबांना घरगुती अडचणी. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि नेमकी तेवढ्यात तिची मांडीवरची पकड सुटली.

गुंडी दुडदुडत गेली, खाली बसली आणि ती साखर, साखरेवरच्या पाहुणीसकट, तोंडात कोंबली.

"अगं बाई! मुंगी खाल्ली हिनं!"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बोललो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. गुंडीच्या बाबानं डोळे मिटले.

"म्हणजे मुंगी होती?"

"होती," गुंडीच्या तोंडात बोट घालता घालता तिची आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "एकच होती. लाल. आम्ही दोघांनी पाहिली आणि गप्प बसलो. थूक गं, थूक! चावत नाहीत ना हो त्या आत गेल्यावर?"

गुंडीनं थुंकलं नाही. ती जीभ ओठांवरून फिरवत आणखी आहे का ते जमिनीवर बघत होती.

मुंग्यांवाल्या बाई कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, "त्या टायवाल्यांनी मला एक जागा दाखवली. मुंग्यांची रांग माझ्या चपलेवरून चालली होती. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, मॅडम, ती सावली आहे." त्यांनी रिकामी पुडी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. "एकटी असली तर मी तिच्याशी बोलून घेईन. घेते मी जागा. आणि हिला पाणी पाजा आधी."

करार संध्याकाळीच झाला. दलाली म्हणून एका महिन्याचं भाडं हातात आलं, ते अनामतीहून जरासंच जास्त. सासूबाईंनी दारातून ऐकलं आणि त्या रुसवा सोडून बाहेर येत म्हणाल्या, "शेवटी आलंच ना गिऱ्हाईक? माझ्या टिचक्या धरल्या नसतील त्यांनी, पण लागू पडल्या." गुंडीच्या आईनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला, आणि ह्याचा अर्थ सासूबाईंनी त्यांना हवा तसा लावला.

सोमवारी सकाळी पाळणाघरात गुंडीची आई अनामत भरून बाकावर बसली. आत गुंडी पहिल्याच मिनिटाला दुसऱ्या कोणाचा तरी ठोकळा घेऊन रमली होती. आईकडे तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. जे होऊ नये म्हणून रात्रभर काळजी केली होती, ते काहीच होत नव्हतं, त्यामुळे काळजीला दुसरी जागा शोधणं भाग होतं.

"कशाची ॲलर्जी वगैरे?" ताईंनी विचारलं.

"परवापर्यंत तरी नव्हती," गुंडीची आई म्हणाली. ताई आत वळल्याबरोबर तिनं फोन काढला, आजूबाजूला पाहिलं आणि पटकन लिहिलं: मुलानं घरात मुंगी खाल्ली तर काय होतं?

उत्तर यायला क्षणभर वेळ लागला. सगळ्यांत वर, टायवाल्यांच्याही वर, ठळक अक्षरांत आलं: "घर हवंय? आम्ही खरं सांगतो."

तिला सकाळचं आठवलं. नवरा टेबलाशी वाकून काहीतरी टाइप करत होता, आणि तिनं विचारल्यावर म्हणाला होता, "ज्या शब्दानं गिऱ्हाईक आणलं, तो शब्द काढायचा कशाला? उरलेसुरले टाकलेत थोडे." ती घाईत होती, गुंडीचा एक मोजा सापडत नव्हता, तिनं "हं" म्हटलं होतं.

आता ह्याच्या खालच्या ओळीवर जायचं, वरच्याला हात लावायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. अंगठा अलगद खाली आणला. नेमकी आतून गुंडी मोठ्यानं किंचाळली, आनंदानं की कशानं ते कळेना, आणि दचकून तिचा अंगठा टेकला.

डझनभर.

पुढच्याच क्षणी तिच्या हातातला फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता: "अगं, लागलीच एक टिचकी आली! तू बिनधास्त ऑफिसला जा."